गाडगेबाबांचा हिशेब

लग्नसराई सुरू झाली की आपल्या वस्त्यांतून एक दृश्य हमखास दिसते. भिंतीला गिलावा नाही, गळक्या पत्र्यावर दगड ठेवलेले, मुलीचे शिक्षण फीअभावी मध्येच थांबलेले. आणि त्याच घरापुढे दोन दिवस मांडव, रोषणाई, छाती धडधडावी असा डीजे आणि पाचशे पानांची पंगत! हळद उतरत नाही तोच मांडववाला पैशासाठी दारात उभा राहतो, आणि त्याच्यामागे व्याजाने पैसे देणारा. हे पाहून कोणाही विचारी माणसाला संताप यावा. परंतु हा संताप आजचा नव्हे. वऱ्हाडातल्या एका निरक्षर परटाने तो पन्नास वर्षे उरात वागवला. आणि नुसता वागवला नाही, तर दिवसा गाव झाडून रात्री त्याच गावापुढे उभे राहून मांडला. त्या माणसाला आपण गाडगेबाबा म्हणतो. ग्रामस्वच्छतेच्या अभियानाला त्यांचे नाव दिले गेले, अमरावतीच्या विद्यापीठाला दिले गेले. त्यांचा खराटा सर्वांच्या ध्यानात राहिला. त्यांचा हिशेब मात्र आपण विसरलो.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झिंगराजी आणि सखुबाई जानोरकर यांच्या पोटी डेबूजींचा जन्म झाला. जात परटाची. झिंगराजींना दारूने गाठले, आणि गाठले ते जातीच्या रीतीच्या वाटेनेच. देवाला बकरे कापले की दारू हवी, बारशाला हवी, पाहुणा आला तरी हवी. व्यसनाला देवाचा आणि जातीचा दोघांचाही परवाना! ज्या घरात उद्याच्या भाकरीची शाश्वती नाही त्या घरानेही हा मान राखलाच पाहिजे, नाहीतर पंचांत नाक कापले जाणार. अशा मानापायी संसाराची धूळधाण झाली आणि १८८४ साली झिंगराजी वारले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा होता.

सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे भावाकडे आल्या. मामा चंद्रभान कष्टाळू शेतकरी होते. डेबूने त्यांची गुरे राखली, पुढे नांगर धरला आणि पंचक्रोशीत नाव घ्यावे अशी शेती केली. दारू-मटणाच्या उधळपट्टीचा या घराला स्पर्श नव्हता. मग हे घर का बुडाले? कागदापायी. मामांना अक्षरओळख नव्हती. सावकाराचे देणे ते फेडीत गेले, पण पावती घेतली नाही. जिथे सांगितले तिथे अंगठा उठवला. शेवटी कसलेली जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. सावकार जमिनीचा ताबा घ्यायला आला तेव्हा तरुण डेबूजींनी शेतात उभे राहून त्याच्या माणसांना पिटाळून लावले, असे चरित्रकार लिहितात.

वाचकहो, ही दोन मरणे शेजारी शेजारी ठेवून पाहा. बापाचे घर प्याल्यात बुडाले, मामाचे घर कागदात बुडाले. गाडगेबाबांनी पुढे जन्मभर जे सांगितले ते या दोन मरणांतून आलेले आहे. म्हणूनच त्यांच्या हिशेबात मुलाची शाळा सर्वांत वर आहे. पोट मारूनही ती केली पाहिजे असे ते सांगत. जेवायला ताट नसेल तर भाकर हातावर घ्या, बायकोला हलक्या किमतीचे लुगडे आणा, पाहुण्याची सरबराई राहू द्या, पण मुलाला शाळेत घातल्यावाचून राहू नका, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. याला कोणी भाबडा उपदेश म्हणू नये. ज्याच्या डोळ्यांदेखत अंगठ्याच्या एका ठशाने शेत गेले, त्याने मांडलेला हा जमाखर्च आहे.

डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले आणि पहिली मुलगी झाली. बारशाला जातभाई जमले ते नेहमीच्या अपेक्षेने. डेबूजींनी दारू ठेवली नाही, बकरे कापले नाही. गोडाचे जेवण वाढले. जातीत कुरकुर झाली, राग झाला. आज आपल्याला ही बाब किरकोळ वाटेल. पण भाऊबंदकीच्या पंगतीत रूढ खर्चाला नकार देणे किती अवघड असते, हे ज्याने तो नकार कधी दिला असेल त्यालाच ठाऊक. सभेत क्रांतीची भाषा करणारे आपले कितीतरी कार्यकर्ते व्याह्यांनी बँडची फर्माईश केली की मान खाली घालतात!

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा सदरा, डोक्यावर फुटके गाडगे, हातात काठी, पुढे खराटा. ज्या गाडग्यात जेवायचे तेच डोक्यावर घालायचे. एवढ्यावर ५१ वर्षे काढली. इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. या त्यागाची किंमत कुंताबाईंनीही मोजली, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. बाबांच्या शब्दावर लाखांच्या इमारती उभ्या राहत असताना त्यांची बायको-मुले झोपडीत राहिली. बाबांना ते शोभून दिसते. पण त्या माउलीच्या वाट्याला ना कीर्तन आले ना कीर्ती. चरित्र वाचताना हे नजरेआड करू नये.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. पौषात रविवारी तिथे यात्रा भरते. नावातच सारे आले: तिथे स्नान केले की माणूस ऋणातून सुटतो अशी लोकांची समजूत. म्हणजे कर्ज काढून यात्रेला जायचे आणि ऋण फिटावे म्हणून बुडी मारायची! गाडगेबाबा त्या गर्दीत होते, पण बुडी मारायला नव्हे. नदीचा काठ निसरडा, बायाबापड्या घसरून पडत. बाबांनी तिथे माती ओढली, वाळू टाकली, वाट केली; पुढे लोकांच्या मदतीने पक्का घाट बांधवून घेतला. आंधळ्या-पांगळ्यांना तिथे अन्नवस्त्र वाटण्याचा परिपाठ ठेवला. पाण्यात ऋण फिटते की नाही यावर त्यांनी वाद घातला नाही. माणूस पडू नये एवढे आधी पाहिले.

वाद घातला तो कीर्तनात. त्यांचे कीर्तन म्हणजे उलटतपासणीच असे. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांकडूनच वदवून घेत. लग्नाला पैसा कुठून आणला? व्याज किती? फिटले का? पोरगा शाळेत जातो का? देवाला बकरे दिले, देवाने खाल्ले का? मग खाल्ले कोणी? लोक हसत, ओरडून उत्तरे देत, आणि देता देता आपल्याच घरचा ताळेबंद चारचौघांत उघडा पडलेला पाहत. जो पाया पडायला पुढे येई त्याला काठीचा प्रसाद मिळे, कारण पाया पडणे हा ऐकलेले न करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, हे बाबांनी ओळखले होते. तरीही गर्दी घरी गेली की पुन्हा तीच पंगत, तोच सावकार. १९०५ साली जे सांगावे लागले तेच १९५६ सालीही सांगावे लागले, यावरून त्यांच्या मनाची तगमग काय असेल याची कल्पना करा.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, गरिबाच्या आयुष्यात आनंदाचे दिवस किती? त्याने एक दिवस वाजतगाजत घालवला तर तुमचे काय गेले? शिवाय शतकानुशतके आपल्याला धड वस्त्र नेसू दिले नाही, दागिना घालू दिला नाही, वरात काढू दिली नाही. मग आज आम्ही नटलो तर ती उधळपट्टी कशी? हा प्रश्न खोटा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या भगिनींना इतर स्त्रियांप्रमाणे नीटनेटके लुगडे नेसायला सांगितले. जुन्या धर्तीचे दागिन्यांचे ओझे मात्र टाकून द्यायला लावले, कारण त्या पेहरावावरून जात ओळखू येत असे. बाबासाहेब स्वतः सुटाबुटात राहिले. गाडगेबाबा चिंध्यांत राहिले. दोघांत विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. अस्पृश्याने स्वच्छ, चांगला वेष करणे ही चैन नव्हती. माणूस म्हणून उभे राहण्याची ती गरज होती. परंतु त्याच महाडच्या भाषणात मुलींना शाळेत पाठवण्याचीही शिकवण होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. लुगडे लक्षात राहते, शाळा राहत नाही.

आनंदाला बाबांचीही हरकत नव्हती. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली दशसूत्री पाहा. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र येते. मग गरीब मुलांचे शिक्षण, बेघराला आसरा, रोग्याला औषध, बेकाराला काम येते. गरीब तरुण-तरुणींचे लग्नही तिच्यात आहे, पण शेवटाकडे! लग्न ही गरजच आहे. ते नीट लावून द्यावे. मात्र त्याची पाळी अन्नाच्या, शाळेच्या आणि औषधाच्या नंतर येते. आपल्याकडे पहिल्या रकमेचे पाकीट बँडवाल्याला जाते आणि औषधाचे उसनवारीवर राहते. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक भाग उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, चौथा अडीअडचणीसाठी राखून. उपभोगाचा भाग तिथेही आहे. पण चारही भाग एका रात्रीत उडवावेत असे त्यात कुठे नाही. आणि उसना आणलेला पाचवा भाग तर नाहीच नाही.

आणि हे केवळ लग्नापुरते नाही. जयंतीची वर्गणी कुठे जाते हे तुम्हीच आपल्या वस्तीत पाहा. ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात, चौकाचौकांत स्वतःच्या फोटोंचे फलक लागतात. आणि विहाराच्या कोपऱ्यातल्या वाचनालयाच्या कपाटाला गंज चढलेला असतो. ज्या महापुरुषाने उपाशी राहून पुस्तके घेतली त्याच्या जयंतीला पुस्तकासाठी पैसा उरत नाही, याला काय म्हणावे?

गाडगेबाबांनी स्वतः गोळा केलेला पैसा कसा खर्च केला तेही पाहण्यासारखे आहे. पंढरपूरला वारीच्या गर्दीत अस्पृश्यांना कोणी आसरा देत नसे. बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली. देवळाला कळस नव्हे, माणसाला छप्पर! मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली, कारण खेड्यातून आलेला माणूस रोग्याच्या उशाशी दिवसभर बसला तरी रात्री रस्त्यावरच झोपत असे. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कऱ्हाडला महाविद्यालय काढले त्याला या निरक्षर माणसाचे नाव दिले गेले. या सर्व मिळकतींवर आपल्या वारसांचा काडीचाही हक्क राहू नये अशी तजवीज त्यांनी करून ठेवली.

बाबासाहेबांवर त्यांचा विशेष लोभ होता. बाबासाहेब केंद्रीय कायदेमंत्री असताना गाडगेबाबा मुंबईत आजारी पडले. तेव्हा बाबासाहेब दोन घोंगड्या घेऊन भेटीला गेले, आणि कोणाकडून स्वतःसाठी काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, अशी आठवण सांगितली जाते. पंढरपूरची ती धर्मशाळा बाबांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्याच्या पथारीच्या जागी विद्यार्थ्याची ट्रंक आली. बाबांच्या हिशेबातला हा बदल फार मोलाचा आहे. गाडगेबाबा बौद्ध नव्हते. गोपाळाचा गजर त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. पण धर्मशाळा द्यावी कोणाला, हे ठरवताना त्यांनी गजराला विचारले नाही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे, पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले असल्यामुळे तो आवाज आपल्याला आजही ऐकता येतो. नागपूरची धम्मदीक्षा होऊन तेव्हा महिनाही लोटला नव्हता. त्या कीर्तनात बाबा शिक्षणावर बोलले, आणि दाखला दिला तो बाबासाहेबांचा: बापाने मुलाला शाळेत घातले, म्हणून त्या मुलाच्या हातून देशाची घटना घडली. ८० वर्षांचा तो थकलेला देह मुलांना शाळेत घाला म्हणून अजूनही विनवीत होता.

६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलानजीक गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. मागे धर्मशाळा होत्या, शाळा होत्या, वसतिगृहे होती. त्यांतली एकही त्यांच्या घरच्यांच्या नावावर नव्हती.