कमल रणदिवे : स्तनाच्या कर्करोगाचे मूळ शोधणाऱ्या शास्त्रज्ञ

कमल समर्थ यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. कमल यांनी मात्र संशोधनाची वाट धरली. 1939 मध्ये गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागल्या. 1949 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

प्रश्न असा होता की, उंदरांच्या काही जातींत स्तनाचा कर्करोग वारंवार होतो आणि काहींत क्वचितच, असे का? आईच्या दुधातून पिल्लांत जाणारा एक विषाणू तेव्हा माहीत झाला होता. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नव्हते. आनुवंशिकता, विषाणू आणि संप्रेरके म्हणजेच हार्मोन्स यांचा एकमेकांशी संबंध काय, याचा रणदिवे यांनी शोध घेतला.

त्यानंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे त्यांनी पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले. परत आल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्यासाठी देशातील पहिली प्रयोगशाळा उभी केली. पुढे याच केंद्राचे संचालकपदही त्यांनी सांभाळले. 1973 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

संप्रेरकांचा हा प्रश्न आजही उपचाराच्या केंद्रस्थानी आहे. रुग्ण बीडची असो वा मुंबईची, गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राही आहेत का, हे आधी तपासतात. असतील तर टॅमॉक्सिफेनसारखे औषध इस्ट्रोजेनची जागा अडवते आणि गाठीची वाढ रोखते. पण काही रुग्णांत हे औषध कालांतराने निष्प्रभ ठरते. ग्राहीत असा बदल होतो की, तो इस्ट्रोजेनशिवायही वाढीचा संदेश देत राहतो. केमोथेरपीच्या बाबतीत काही पेशी औषध बाहेर फेकणारी प्रथिने जास्त बनवतात. ही प्रथिने बनवणाऱ्या काही जनुकांवरही संप्रेरकांचा प्रभाव पडतो. म्हणूनच आजार उलटल्यास डॉक्टर शक्य असेल तेव्हा गाठीची पुन्हा तपासणी करतात आणि औषध बदलतात.

रणदिवे यांचे 2001 मध्ये निधन झाले. कर्करोगामागे एकच कारण शोधून भागत नाही, ही त्यांच्या कामातली दिशा आजच्या संशोधनालाही लागू आहे.