अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही नाकारणारे जॉर्ज मेसन

१७ सप्टेंबर १७८७. फिलाडेल्फियात ३९ प्रतिनिधींनी अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या केल्या. हजर असूनही तिघांनी नकार दिला. त्यातले एक होते व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन.

१७७६ मध्ये व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांनीच लिहिला होता. नव्या घटनेत हक्कांची यादीच नव्हती. बलाढ्य केंद्र सरकार राज्यांना गिळेल, अशी त्यांना भीती होती. या विरोधापायी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशी असलेली जुनी मैत्री दुरावली. १७८८ मध्ये व्हर्जिनियानेही ८९ विरुद्ध ७९ मतांनी घटना स्वीकारली.

पण १७९१ मध्ये १० दुरुस्त्या लागू झाल्या. नागरिकांचे हक्क घटनेत आले आणि केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहिले. पुढच्याच वर्षी मेसन वारले. त्यांच्या शेतांवर मात्र अखेरपर्यंत गुलामच राबत होते.