रानफुलाचा एकांत आणि रेव्हरंड टिळक

निसर्गात रमणारा कवी माणसांकडे पाठ फिरवितो, असा एक समज वाङ्मयप्रेमी वर्गातही आढळतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र त्या समजाला छेद देणारे आहे.

६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळी धर्मांतर म्हणजे सामाजिक मरणच होते. आप्तस्वकीय दुरावले; पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू यांचाही सहवास काही वर्षे अंतरला. अहमदनगर, म्हणजेच आजचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात त्यांनी स्वतःला वाहून घेतले. लक्ष्मीबाई परतल्या त्या प्रथम स्वधर्म राखून. टिळकांनी वाट पाहिली. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

एकाकीपणाचा असा दाहक अनुभव घेतलेल्या या कवीने 'वनवासी फूल' हे दीर्घकाव्य लिहिले. कवी आणि रानातले फूल यांच्या त्या संवादात एकच प्रश्न घोळतो: निर्जन वनात निर्मळपणे फुलून सुकून जावे, की माणसांच्या गर्दीत येऊन त्यांच्या उपयोगी पडावे? निवृत्ती आणि प्रवृत्ती यांचा हा जुनाच वाद टिळकांनी एका फुलाच्या आधाराने मराठी वाचकाच्या हृदयाला भिडविला.

काव्यातील या प्रश्नाला टिळकांनी आपल्या जीवनातून उत्तर दिले. 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाचे घर परक्यांना कधी परके वाटले नाही. जळगावच्या १९०७ सालच्या कविसंमेलनात 'बालकवी' ठरलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे काही काळ याच घरात मुलासारखे राहिले. निसर्गाचे वेड आणि मनाची उदासीनता घेऊन आलेल्या त्या तरुणाला लक्ष्मीबाईंच्या मायेची सावली लाभली.

१९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या धर्मांतराने हा संसार मोडला होता, त्याच श्रद्धेचे महाकाव्य पत्नीच्या हातून सिद्धीस जावे, याहून मोठे सांत्वन कोणते?

एकांत माणसाला कडवटही करू शकतो. टिळकांच्या ठायी त्यातून करुणा उपजली. त्यांचे रानफूल आजही वाचकाला आपलेसे वाटते, ते याच कारणाने.