कान देऊन ऐकणारे फादर मर्सेन

रविवारची मिस्सा सुरू होण्यापूर्वीची पाच-दहा मिनिटे आठवून पाहा. भाविक येत असतात, वेदीवर मेणबत्त्या लागत असतात आणि एका बाजूला गायनवृंदातील गिटारवाला खुंटी पिळून तारा लावत असतो. तार ताणली की स्वर चढतो. दांडीवर बोट दाबून तीच तार आखूड केली की स्वर आणखी चढतो. जाड तारेचा स्वर खालचा, बारीक तारेचा वरचा. हे त्याच्या हाताला आणि कानाला ठाऊक असते. पण तार किती ताणली म्हणजे स्वर किती चढेल, याचे संपूर्ण गणित प्रयोगाने पडताळून पुस्तकात मांडले ते एका कॅथलिक धर्मगुरूने, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. त्यांचे नाव फादर मारँ मर्सेन.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना देकार्त या तत्त्ववेत्त्यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली. मर्सेन यांचे नाव मात्र देकार्तचा मित्र म्हणून एखाद्या तळटीपेत येई. परीक्षेत ते विचारले जात नसे, म्हणून आम्हीही ते सोडून दिले. अलीकडे त्यांचे चरित्र पुन्हा वाचले, त्याला कारण घडले. महाविद्यालयात विज्ञान शिकणारा आपल्या धर्मग्रामातील एक तरुण आमच्याकडे काही शंका घेऊन आला होता. त्याचे बोलणे पुरते होण्याआधीच आम्ही त्याला उत्तर देऊन मोकळे झालो. तो नम्रपणे निघून गेला, पण त्याचे समाधान झाले नव्हते हे आमच्या लक्षात आले. फादर मर्सेन यांच्या जागी आम्ही असतो तर काय केले असते, की ते आमच्या जागी असते तर त्यांनी काय केले असते, हा विचार तेव्हापासून मनात आहे.

मर्सेन यांचा जन्म 8 सप्टेंबर 1588 रोजी, म्हणजे पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी झाला. फ्रान्समधील ल माँ शहराच्या दक्षिणेला असलेल्या एका खेड्यातले हे साधे कष्टकरी कुटुंब होते. मुलगा हुशार, म्हणून त्याला शिकायला पाठवले. ला फ्लेश येथील येशूसंघीयांच्या नव्या विद्यालयात आणि नंतर पॅरिसमध्ये ईशज्ञानाचे शिक्षण घेऊन 1611 साली त्यांनी मिनिम संघात प्रवेश केला. मिनिम म्हणजे सर्वांत लहान. पाओलाचे संत फ्रान्सिस यांनी स्थापन केलेल्या या संघाचे नियम कडक होते. मांस, अंडी, दूध-दुभते वर्ज्य. जणू वर्षाचे बाराही महिने प्रायश्चित्तकाळ! गुरुदीक्षेनंतर काही वर्षे नेव्हेर येथे तत्त्वज्ञान शिकवून 1619 च्या सुमारास ते पॅरिसच्या मठात आले. काही प्रवास वगळता पुढचे सारे आयुष्य त्यांनी त्याच मठात घालवले.

सुरुवातीचे मर्सेन मात्र ऐकणारे नव्हते, तर तुटून पडणारे होते. 1623 साली त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर एक प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यात नास्तिक, जादूटोणावाले, गूढविद्यावाले अशा सर्वांवर कठोर टीका होती. एकट्या पॅरिस शहरात पन्नास हजार नास्तिक आहेत, असेही त्यांनी त्यात म्हटले होते. त्यांच्या मनात श्रद्धेची तळमळ होती, यात शंका नाही. पण विरोधकाला नामोहरम करण्याचा आवेशही होता.

या आवेशातून बाहेर पडण्याची वाट त्यांना एका प्रश्नाने दाखवली. त्या काळी संशयवादी म्हणत, माणसाला कशाचेच खात्रीलायक ज्ञान होऊ शकत नाही. 1625 साली त्यांना उत्तर देताना मर्सेन यांनी एक मधला मार्ग धरला. वस्तूंचे अंतिम स्वरूप माणसाला कदाचित कळणार नाही, ते परमेश्वराला ठाऊक. पण त्या कशा वागतात हे आपण मोजू शकतो, आणि जे नीट मोजले आहे ते आस्तिकाला व नास्तिकाला, कॅथलिकाला व प्रॉटेस्टंटाला सारखेच पाहता येते. धर्मयुद्धांनी होरपळलेल्या युरोपात अशा सामाईक भूमीची फार गरज होती. मर्सेन यांनी ती शोधली नादात.

त्यांचा प्रयोग आजही मुलांना समजावून सांगता येईल इतका सरळ आहे. वाद्याची तार इतक्या वेगाने थरथरते की डोळ्यांनी तिचे हेलकावे मोजता येत नाहीत. म्हणून त्यांनी खूप लांब दोर आणि तारा ताणून बांधल्या. लांब दोर संथ हलतो. त्याला आवाज नसतो, पण हेलकावे मोजता येतात. वेळ मोजायला त्यांनी लंबक वापरला. दोर निम्मा केला की तेवढ्याच वेळात दुप्पट हेलकावे. पुन्हा निम्मा केला की चौपट. अशी लांबी कमी करत गेल्यावर ऐकू येणाऱ्या स्वराची कंपनसंख्या गणिताने काढता येते. ऐकू येणाऱ्या स्वरामागे सेकंदाला किती कंपने असतात, हे आकड्यात सांगणारे ते पहिले.

1636 साली फ्रेंच भाषेत छापून निघू लागलेल्या ‘विश्वसंवादिता’ या त्यांच्या महाग्रंथात हे नियम सापडतात. तार निम्मी केली तर स्वर एक सप्तक वर जातो. लांबी तीच ठेवून केवळ ताणाने एक सप्तक वर जायचे असेल, तर ताण दुप्पट करून चालत नाही, तो चौपट करावा लागतो. आणि तेवढ्याच लांबीची तार चौपट वजनाची घेतली, तर स्वर एक सप्तक खाली येतो. गॅलिलिओही स्वतंत्रपणे याच निष्कर्षांपर्यंत आला होता. त्याचा ग्रंथ 1638 साली निघाला.

यातला ताणाचा नियम वरवर क्षुल्लक वाटतो, पण त्याने सुमारे दोन हजार वर्षांची एक कथा खोटी ठरली. पायथागोरसने लोहाराच्या हातोड्यांचे आवाज ऐकले, हातोड्यांइतकी वजने तारांना टांगली आणि दुप्पट वजनाला स्वर एक सप्तक चढला, असे मोठमोठे विद्वान आपापल्या ग्रंथांत लिहीत आले होते. तारेला खरोखर वजन टांगून पाहिले असते तर ती कथा तिथेच संपली असती. गॅलिलिओच्या वडिलांनी, व्हिन्चेन्झो गॅलिलेई यांनी मर्सेनच्या आधीच तसे करून पाहिले होते. मर्सेन यांनी संपूर्ण नियमच मांडल्यावर त्या कथेला आधार उरला नाही. थोर माणसाने सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी होत नाही, आणि ती पडताळून पाहणे हा त्या थोर माणसाचा अपमानही नाही.

आवाजाचा वेगही त्यांनी मोजला, तो प्रतिध्वनीच्या साहाय्याने. स्तोत्रसंहितेतील परमेश्वराच्या स्तुतीचे सात अक्षरांचे लॅटिन शब्द ते एका सेकंदात उच्चारत. ते संपताच प्रतिध्वनी सुरू व्हावा, इतक्या अंतरावर भिंतीसमोर उभे राहत. भिंतीपर्यंत जाऊन परत येण्याचे ते अंतर म्हणजे आवाजाचा सेकंदाचा प्रवास. आजच्या मापात तो तीनशे मीटरपेक्षा थोडा अधिक भरला. खरा वेग साधारण 340 मीटर आहे. दूरच्या तोफेची चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ मोजून केलेल्या प्रयोगात मात्र उत्तर साडेचारशे मीटरच्या आसपास आले. दोन उत्तरे जुळत नव्हती, तरी त्यांनी दोन्ही नोंदवली.

त्यांच्या कानाची खरी कसोटी लागली ती आणखी एका शोधात. एकच तार छेडली तरी शांतपणे ऐकले असता तिच्यातून मूळ स्वराबरोबर वरचे आणखी काही स्वर निघतात, हे त्यांना ऐकू आले. आपल्याकडे तानपुरा वाजवणाऱ्यांना हे नवे नाही. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधाराला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. मर्सेन यांनी ऐकलेल्या स्वरांत तो होता. पण एकच तार एकाच वेळी अनेक प्रकारे कशी थरथरू शकते, हे त्यांना उलगडेना. त्यांनी मित्रांना पत्रे लिहून विचारले, पण पूर्ण समाधान करणारे उत्तर त्यांना मिळाले नाही. तो उलगडा पुढच्या पिढ्यांनी केला. उत्तर येत नाही म्हणून ऐकलेले नाकारायचे नाही, आणि खोटे उत्तरही रचायचे नाही, हे पथ्य त्यांनी पाळले.

आणि पत्रे तरी किती! देकार्त, फर्मा, गासँदी, हॉब्ज, टोरिचेल्ली, हायगेन्स पितापुत्र अशा त्या काळच्या बहुतेक साऱ्या विचारवंतांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यात लायडनचे प्रॉटेस्टंट पाळक आंद्रे रिव्हेही होते. त्या काळी विज्ञानाची नियतकालिके नव्हती. एकाचा शोध दुसऱ्याला कळत असे तो मर्सेन यांच्या पत्रातून. 1635 पासून पॅरिसमध्ये त्यांच्या पुढाकाराने विद्वानांच्या बैठका भरू लागल्या. किशोरवयीन ब्लेझ पास्कल वडिलांचे बोट धरून तिथे येत असे. 1641 साली देकार्तचा ‘चिंतने’ हा ग्रंथ निघाला, तेव्हा मर्सेन यांनी निरनिराळ्या विचारवंतांकडून आक्षेप मागवले. ते आक्षेप आणि देकार्तची उत्तरे ग्रंथाबरोबरच छापली गेली. मित्राच्या पुस्तकात मित्राच्या विरोधकांना जागा मिळवून देणारा हा माणूस तोच होता, ज्याने अठरा वर्षांपूर्वी शहरातले नास्तिक मोजले होते.

गॅलिलिओच्या बाबतीत त्यांची परीक्षा अधिक कठीण होती. 1633 साली रोममध्ये गॅलिलिओला शिक्षा झाली. दुसऱ्याच वर्षी या धर्मगुरूने गॅलिलिओचे यंत्रशास्त्रावरील लेखन फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केले. त्यांना भीती वाटलीच नाही, असे म्हणता येणार नाही. त्याच वर्षीच्या त्यांच्या एका पुस्तकाच्या काही प्रतींत गॅलिलिओच्या बंदी आलेल्या ग्रंथातील युक्तिवाद आहेत, तर काही प्रतींत ती पाने बदललेली आहेत. पृथ्वी फिरते हे सिद्ध झाले आहे, असेही त्यांनी म्हटले नाही. गॅलिलिओचे उतरणीचे प्रयोग त्यांनी स्वतः करून पाहिले आणि आकडे तितके चोख जुळत नाहीत, हेही सांगितले. त्यांनी ना ख्रिस्तसभा सोडली, ना सत्याचा शोध. त्या खटल्यात चूक झाली, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 साली जाहीरपणे मान्य केले.

1 सप्टेंबर 1648 रोजी, साठाव्या वाढदिवसाला आठवडा उरला असताना, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे मित्र आणि स्वतः धर्मगुरू असलेले गासँदी अखेरच्या काळात सोबत होते. आपल्या आजाराचे कारण कळावे म्हणून मृत्यूनंतर शरीराची तपासणी करावी, अशी त्यांची इच्छा होती. तशी ती झाली आणि फुप्फुसातील गळू सापडले. शेवटची वस्तूही त्यांनी इतरांच्या शिक्षणासाठी देऊन टाकली.

प्रिय बंधुभगिनींनो, प्रवचनपीठावर आमच्यासमोर मायक्रोफोन असतो. त्यामुळे आमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो, पण शेवटच्या बाकावरच्या माणसाचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचवणारे यंत्र नाही. ते काम कानांनीच करावे लागते. घरात मुलगा वेगळे मत मांडतो, सभेत एखादा न पटणारे बोलतो, तेव्हा आपण सारेच चटकन उत्तराकडे धावतो. फादर मर्सेन यांची श्रद्धा ऐकल्याने कमी झाली नाही. परमेश्वराने निर्माण केलेल्या तारेत काही खोटे निघणार नाही, असा विश्वास असल्यामुळेच ते निर्धास्तपणे ऐकू शकले.

त्या तरुणाला आम्ही पुन्हा बोलावले आहे. या खेपेस त्याचे म्हणणे संपेपर्यंत मध्ये न बोलण्याचे आम्ही ठरवले आहे. आमच्यासाठी प्रार्थना करा.