सहकारमहर्षी पद्मश्री कै. विठ्ठलराव विखे पाटील

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील लोणी बुद्रुक गावी १८९७ साली शेतकरी कुटुंबात विठ्ठलरावांचा जन्म झाला. शिक्षण बेताचेच, पण व्यवहारज्ञान मोठे. कष्ट शेतकऱ्याचे आणि पीक सावकाराच्या घरात, हे त्यांना पाहवेना. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतसंस्था काढली. प्रवरेच्या कालव्यावर ऊस पिकत होता. त्याचा कारखानाही शेतकऱ्यांच्याच मालकीचा हवा म्हणून ते भागभांडवलासाठी गावोगाव फिरले. अर्थतज्ज्ञ प्रा. धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष लाभले. १९५० साली प्रवरानगरला महाराष्ट्रातील पहिल्या सहकारी साखर कारखान्याची चाके फिरली. १९६१ साली पद्मश्री लाभली. १९८० साली त्यांची प्राणज्योत मालवली. गरिबाच्या अल्प वर्गणीतूनही केवढे कार्य उभे राहते, हे त्यांनी दाखवून दिले.