पाण्यातला मासा दाखवणारा गॉगल: एडविन लँडची गोष्ट, आणि स्वस्तात खरा पोलराइज्ड गॉगल कसा ओळखायचा



उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. तिथे काठावर गळ टाकून बसणाऱ्या पोरांना एक त्रास नेहमीचा. सकाळी ऊन जरा वर आलं की पाणी आरशासारखं चमकायला लागतं. समोर हलतंय ते मरळ आहे की शेवाळ, काही कळत नाही. दोन तास डोळे बारीक करून बसलं की डोकं दुखतं ते वेगळंच. मग कोणीतरी सांगतं, पोलराइज्ड गॉगल घे. मोबाईलवर शोधायला जावं, तर काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत शेकडो गॉगल दिसतात आणि सगळ्यांवर तोच शब्द लिहिलेला. खरा कुठला?

याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. एडविन लँड. पोलरॉइड कंपनीचा हा संस्थापक १९९१ मध्ये वारला. फोटो काढला की लगेच हातात देणारा कॅमेरा बनवणारा माणूस म्हणून जग त्याला ओळखतं. पण कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी त्याने गॉगलची काच बनवली होती, आणि ती विकायला चक्क मासे वापरले होते. ती युक्ती कळली की दुकानात तुम्हाला फसवणं अवघड आहे.

आधी चमक म्हणजे काय ते बघू

लोखंडी गेटच्या उभ्या गजांमधून एक दोरी ओवा. दोरी वर-खाली हलवली तर लाट पलीकडे जाते. डावी-उजवीकडे हलवली तर गजांना अडकून तिथेच मरते. प्रकाशाची लाटही अशीच हलते, फक्त साध्या उन्हात ती सगळ्या दिशांनी हलत असते. हेच ऊन पाण्यावर तिरकं आपटून परत येतं तेव्हा त्यातला बराचसा प्रकाश आडव्या दिशेने हलणारा असतो. डोळ्यांवर येणारी चमक ती हीच. पाण्याच्या आतून, माशाकडून येणारा प्रकाश मात्र असा एका दिशेचा नसतो. म्हणजे डोळ्यांसमोर उभ्या गजांची चाळणी धरली की चमक अडते आणि मासा दिसतो. पोलराइज्ड काच म्हणजे ही चाळणी. साधा काळा गॉगल चमक आणि मासा दोन्ही सारखेच काळे करतो, म्हणून त्याचा मासेमारीला काही उपयोग नाही.

अशी चाळणी निसर्गातल्या काही स्फटिकांत असते हे लोकांना फार आधीपासून माहीत होतं. पण ते स्फटिक छोटे, महाग आणि ठिसूळ. गॉगलला लावायचे कसे?

भंगारवाल्याचा मुलगा

एडविन लँडचा जन्म ७ मे १९०९ चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावचा. वडिलांचा भंगार धातूचा धंदा होता. पोराला प्रकाशाचं वेड. रॉबर्ट वुड यांचं प्रकाशशास्त्रावरचं जाडजूड पुस्तक तो रात्री उशाशी ठेवून झोपायचा असं सांगतात. १९२६ मध्ये तो हार्वर्ड विद्यापीठात शिकायला गेला आणि थोड्याच महिन्यांत कंटाळून बाहेर पडला. वय १७. थेट न्यूयॉर्क गाठलं.

तिथे ब्रॉडवे रस्त्यावरून रात्री चालताना समोरच्या गाड्यांच्या हेडलाइटने त्याचे डोळे दिपले. त्याच्या डोक्यात आलं की प्रत्येक हेडलाइटवर आणि प्रत्येक ड्रायव्हरसमोर प्रकाशाची चाळणी लावली तर हा झगमगाट संपेल, अपघात कमी होतील. हायवेला लागून राहणाऱ्या उंब्रजकरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. रात्री समोरून येणारा ट्रक डिपर देत नाही तेव्हा काय होतं ते आपण सगळे जाणतो.

म्हणजे गॉगल ही त्याची मूळ कल्पना नव्हतीच. त्याला हवी होती मोठ्या आकाराची आणि स्वस्त चाळणी.

दिवसा तो न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जुनी पुस्तकं चाळायचा. तिथे त्याला एक विचित्र गोष्ट सापडली. १८५२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात विल्यम हेरापाथ नावाचा डॉक्टर होता. त्याच्याकडे एका कुत्र्याला क्विनाइन, म्हणजे आपल्याकडची जुनी माणसं ज्याला कोयनेल म्हणतात ते हिवतापाचं औषध, दिलेलं होतं. त्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीनचा थेंब पडला आणि हिरवट चकाकणारे बारीक स्फटिक तयार झाले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन स्फटिक एकमेकांवर आडवे-उभे आले की तिथे अंधार दिसायचा. चाळणीवर चाळणी! हा अंधार लक्षात ठेवा, दुकानात लागणार आहे.

हेरापाथने मोठा स्फटिक वाढवायचा खूप प्रयत्न केला. जमलं नाही. लँडने प्रश्नच उलटा केला. एक मोठा स्फटिक कशाला हवा? कोट्यवधी अतिसूक्ष्म स्फटिक एकाच दिशेला तोंड करून प्लास्टिकमध्ये बसवले तरी काम तेच होईल.

यासाठी प्रयोगशाळा हवी, आणि हा तर कॉलेज सोडलेला पोरगा. मग तो रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गुपचूप शिरायचा आणि तिथली उपकरणं वापरायचा. (हे तुम्ही करू नका.) स्फटिक दळून दळून इतके बारीक केले की साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसेनात, ते पातळ लॅकरमध्ये मिसळले आणि चुंबकाच्या जोरावर सगळे एका दिशेला वळवले. गढूळ दिसणारं द्रावण चुंबक लागताच बदललं. जगातली पहिली कृत्रिम पोलराइज्ड काच तयार झाली, आणि १९२९ मध्ये, विशीत असतानाच, त्याने पेटंटचा अर्ज केला.

त्याच वर्षी टेरे मेझलिनशी लग्न झालं, आणि तो हार्वर्डला परत गेला. यावेळी तिथे त्याला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. तरीही पदवी घेतली नाहीच. १९३२ मध्ये जॉर्ज व्हीलराइट या हार्वर्डच्याच शिक्षकाला सोबत घेऊन कंपनी काढली. पुढे लोक त्याला डॉक्टर लँड म्हणायचे ते मानद पदवीमुळे.

हॉटेलच्या खिडकीतले मासे

काच बनली, पण गिऱ्हाईक कुठाय? मोटार कंपन्या लवकर हलेनात. दरम्यान अमेरिकन ऑप्टिकल ही चष्म्यांची मोठी कंपनी गॉगलसाठी ही काच घेईल असं लँडला वाटलं.

त्याने बॉस्टनमधल्या एका बड्या हॉटेलात खोली घेतली. सोबत माशांचं काचेचं भांडं नेलं, त्यात गोल्डफिश. भांडं खिडकीत अशा जागी ठेवलं की उन्हाची चमक थेट त्यावर पडावी. कंपनीचे लोक आत आले. लँडने त्यांना विचारलं, भांड्यात मासे दिसतायत का? चमकेपुढे काही दिसत नव्हतं. मग त्याने प्रत्येकाच्या हातात पोलराइज्ड काचेचा तुकडा दिला. त्यातून बघितल्यावर मासे लख्ख दिसले.

तिथे तक्ता नव्हता, आकडे नव्हते की भाषण नव्हतं. १९३५ मध्ये करार झाला आणि पोलराइज्ड गॉगल बाजारात आले. १९३७ मध्ये कंपनीचं नाव पोलरॉइड झालं.

तीच युक्ती दुकानात वापरा

ऑनलाईन फोटो बघून काही कळत नाही, म्हणून शक्यतो हातात घेऊन बघा. निदान परत करता येईल असा गॉगल मागवा.

पहिली परीक्षा मोबाईलची. स्क्रीनवर पांढरं पान उघडा, ब्राइटनेस पूर्ण करा, गॉगलची एक काच समोर धरा आणि हळूहळू गोल फिरवा. खरी पोलराइज्ड असेल तर एका कोनात स्क्रीन काळपट किंवा पूर्ण काळी होईल. हाच तो हेरापाथचा अंधार. काही फोनमध्ये हा अंधार सरळ न येता तिरका धरल्यावर येतो, आणि प्लास्टिकचा स्क्रीनगार्ड असेल तर नुसतेच रंग बदलताना दिसतात. शंका आली तर लॅपटॉपवर किंवा दुकानातल्या टीव्हीवर बघा. किती फिरवलं तरी काहीच फरक नाही? तो साधा काळा गॉगल आहे, ठेवून द्या.

दुसरी परीक्षा लोक विसरतात. स्वस्त गॉगलमध्ये चाळणी असते, पण कधीकधी ती वाकडी बसवलेली असते. गॉगल डोळ्यांना लावा आणि उन्हातल्या गाडीच्या बॉनेटकडे किंवा ओल्या फरशीकडे बघा. डोकं सरळ असताना चमक कमी दिसली पाहिजे, मान एका खांद्याकडे वाकवली की परत वाढली पाहिजे. मग एकेक डोळा झाकून बघा. दोन्ही काचांतून सारखंच दिसायला हवं. एका डोळ्याला चमक आणि दुसऱ्याला नाही असं असेल तर तासाभरात डोकं धरणार.

तिसरी गोष्ट, यूव्ही. पोलराइज्ड असणं आणि अतिनील किरण अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूव्ही ४०० असं लिहिलेलं असावं, आणि नुसत्या लिहिण्यावर विश्वास नसेल तर चष्म्याच्या दुकानात तपासायचं छोटं यंत्र असतं, तिथे विनंती करा. काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते. अशा वेळी यूव्ही अडत नसेल तर तो गॉगल न लावलेलाच बरा. इथे पैसे वाचवू नका. फ्रेमच्या ब्रँडवर खुशाल वाचवा.

रंगाचं म्हणाल तर नदीच्या उथळ पाण्यात तपकिरी काच बरी, तळ आणि मासा यांतला फरक उठून दिसतो. धरणाच्या मोकळ्या पाण्यावर कडक उन्हात करडी. आरशासारख्या निळ्या-लाल मुलाम्याने मासा जास्त दिसत नाही, फक्त फोटो चांगला येतो.

आणि अपेक्षा जरा बेताने ठेवा. पाण्याकडे बघण्याचा कोन महत्त्वाचा असतो. काठावर उभं राहिलं तर साधारण दोन मीटर पुढच्या पाण्यावर गॉगलचा परिणाम सगळ्यात जास्त जाणवतो. अगदी पायाखाली किंवा फार लांब बघितलं की कमी होतो. पावसाळ्यात कृष्णा गढूळ वाहते तेव्हा कितीही महाग गॉगल लावा, गाळाच्या आरपार दिसणार नाही. तळ दिसतोय म्हणून खोली ओळखता येते असंही समजू नका. पाणी नेहमी दिसतं त्यापेक्षा खोल असतं, पोलराइज्ड काचेतूनसुद्धा. या एका गैरसमजापायी पाण्यात पाय टाकू नका.

पुढे काय झालं

१९३८ च्या सुमारास लँडच्या कंपनीने स्फटिकही काढून टाकले. एक खास प्लास्टिक ताणलं की त्याचे लांब रेणू एका ओळीत येतात. त्यात आयोडीन मुरवलं की झाली चाळणी. आजचे स्वस्त गॉगल याच पद्धतीच्या पातळ फिल्मवर चालतात. तुमच्या एलसीडी स्क्रीनमध्येही अशाच दोन फिल्म असतात, आणि त्या नसत्या तर स्क्रीनवर नुसता पांढरा उजेड दिसला असता. मोबाईलची परीक्षा जमते ती त्यामुळेच.

दुसऱ्या महायुद्धात कंपनीने सैन्यासाठी गॉगल आणि नेम धरायची उपकरणं बनवली. १९४३ मध्ये सुट्टीवर असताना लँडने तीन वर्षांच्या मुलीचा, जेनिफरचा, फोटो काढला. तिने विचारलं, फोटो आत्ताच का बघता येत नाही? तासाभराच्या फेरफटक्यात त्याने उत्तराचा बराचसा आराखडा मनात जुळवला. १९४७ मध्ये त्याने साठ सेकंदांत फोटो देणारा कॅमेरा दाखवला आणि १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनच्या दुकानात तो विकायला आला. पहिल्याच दिवशी माल संपला. १९७२ चा घडी होणारा एसएक्स-७० तर स्टीव्ह जॉब्जसारख्यांनाही भुरळ घालून गेला. जॉब्ज लँडला फार मानायचा.

शेवट मात्र गोड नाही. १९७७ मध्ये आणलेली झटपट सिनेमाची पोलाव्हिजन यंत्रणा सपशेल आपटली, कंपनीला मोठा तोटा झाला, आणि १९८२ मध्ये लँड स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडला. नावावर ५३५ पेटंट होती. १ मार्च १९९१ ला तो गेला.

हेडलाइटचं काय झालं? योजना तशी सोपी होती. प्रत्येक गाडीच्या दिव्यावर आणि ड्रायव्हरसमोर चाळणी एकाच बाजूला तिरकी लावायची. दोन गाड्या समोरासमोर आल्या की त्यांच्या चाळण्या आपोआप एकमेकींना आडव्या येतात आणि समोरचा झोत विझतो. पण चाळणी लावली की निम्म्याहून जास्त उजेड वाया जाणार, मग दिवे जास्त ताकदीचे लागणार. शिवाय रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्यांना बसवल्याशिवाय उपयोग नाही. सुरुवात कोण करणार? वीस वर्षं पाठपुरावा करूनही मोटार कंपन्यांनी ती कधीच घेतली नाही.

म्हणून संध्याकाळी मासे घेऊन गाडीवरून घरी निघालात तर गॉगल काढून खिशात ठेवा. अंधारात तो समोरच्या हेडलाइटवर चालत नाही, उलट रस्ताच कमी दिसतो. घरी गेल्यावर काच कोरड्या शर्टाला पुसू नका. त्यावर नदीची वाळू असते. आधी पाण्याखाली धरा, मग पुसा.