बाबासाहेब आंबेडकर: हजारो पुस्तकं, एक संसार आणि रमाबाई

नाशिक आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की दोन घटना चटकन आठवतात. 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह आणि 13 ऑक्टोबर 1935 ची येवल्याची धर्मांतराची घोषणा. या दोन तारखांच्या मधल्या साडेपाच वर्षांत बाबासाहेबांच्या घरातही बरंच काही घडत होतं. मुंबईत दादरला त्यांनी पुस्तकांसाठी घर बांधलं आणि त्याच घरात रमाबाईंचं निधन झालं.

पुस्तकांचं वेड कुठून आलं?

वडील रामजी सुभेदारांकडून. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळं कुटुंब राहायचं. मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून रामजी त्याला लवकर झोपवत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवत. पुस्तकासाठी पैसे कमी पडले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, उसने पैसे घेत, नाहीतर त्यांचा दागिना गहाण ठेवत. म्हणजे बाबासाहेबांच्या पुस्तकांचा भार घरातल्या बायका अगदी सुरुवातीपासूनच उचलत होत्या.

1906 च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, रात्री गाळे रिकामे झाल्यावर, त्यांचं लग्न लागलं. नवरी होत्या दापोलीजवळच्या वणंद गावच्या रमाबाई. त्यांचं वय तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचं होतं आणि नवरा शाळेत शिकत होता.

परदेशातला अभ्यास आणि मुंबईतलं घर

1913 च्या फेब्रुवारीत रामजींचं निधन झालं. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. थोरला मुलगा यशवंत तेव्हा वर्षाचाही नव्हता. न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेब जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालत. पोटाला चिमटा काढून घेतलेल्या पुस्तकांचा मोठा साठा त्यांच्याकडे झाला होता. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. त्यांचं सामान ज्या जहाजावर होतं, ते समुद्रात बुडालं आणि पुस्तकंही गेली.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज यांच्या जोरावर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तिथे ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते वाचत बसत. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध पुस्तकरूपाने आला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.

इकडे परळच्या चाळीत रमाबाई तुटपुंज्या पैशात घर चालवत होत्या. दीर आनंदराव वारल्यावर जाऊ लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद हेही याच घरात होते. रमाबाईंच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच दगावली. शेवटचा राजरत्न 1926 च्या जुलैत गेला. त्या धक्क्यातून दोघंही लवकर सावरले नाहीत. उरला तो एकटा यशवंत.

पुस्तकांसाठी घर

परळच्या चाळीत पुस्तकं मावेनात, तेव्हा बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत जागा घेऊन घर बांधलं. मगधाच्या प्राचीन राजधानीवरून त्याचं नाव ठेवलं राजगृह. घराची आखणीच ग्रंथसंग्रह डोळ्यांपुढे ठेवून केली होती.

याच काळात नाशिकला दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी सत्याग्रह चालवत होते. बाबासाहेबांच्या वाट्याला गोलमेज परिषदा, पुणे करार, वकिली आणि दौरे होते. घरासाठी वेळ उरत नव्हता. मोकळा वेळ मिळालाच, तर तो पुस्तकांत जाई. रमाबाईंची तब्येत मात्र खालावत चालली होती.

रमाबाई श्रद्धाळू होत्या. पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचं दर्शन घ्यावं, ही त्यांची इच्छा होती. तिथे अस्पृश्यांना देवळाबाहेरूनच परतावं लागे. असा अपमान सोसून दर्शन घेणं बाबासाहेबांना पटलं नाही. काळारामाच्या दारात हजारो लोक जो हक्क मागत होते, तोच त्यांच्या स्वतःच्या घरातही मिळालेला नव्हता. रमाबाईंची ती इच्छा अपुरीच राहिली.

27 मे 1935 रोजी राजगृहात रमाबाईंनी शेवटचा श्वास घेतला. बाबासाहेबांनी डोक्याचे केस उतरवले आणि काही दिवस ते कोणाशी फारसं बोलले नाहीत. जूनमध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. ऑक्टोबरमध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नसल्याचं त्यांनी जाहीर केलं. नाशिकचा सत्याग्रहही थांबवण्यात आला.

मग तोल साधला का?

संसार आणि अभ्यास यांचा तोल बाबासाहेबांना एकट्याने कधीच साधता आला नसता. तो रमाबाईंनी सांभाळला आणि त्याची किंमतही त्यांनीच जास्त मोजली. याची जाणीव बाबासाहेबांना होती. त्यांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत रमाबाईंच्या मनाच्या चांगुलपणाचा आणि हालअपेष्टांच्या दिवसांत त्यांनी दिलेल्या साथीचा कृतज्ञ उल्लेख आहे.

1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. बाबासाहेबांच्या संग्रहातली बरीच पुस्तकं पुढे या कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. वडिलांनी मुलीचा दागिना गहाण ठेवून ज्या वेडाला खतपाणी घातलं आणि रमाबाईंनी ज्याच्यासाठी संसार ओढला, त्या पुस्तकांचा उपयोग असा पुढच्या पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना झाला.